पट्टा का झिजतो? शिरूर-दौंडच्या यंत्रांचा एक इतिहास

गाडीच्या इंजिनावरचा पट्टा वर्षानुवर्षे धावून तुटला तर कोणी तक्रार करत नाही, त्याचे वय झालेले असते. पण नवा पट्टा घातल्यावर काही महिन्यांतच त्याच्या कडेचे दोरे सुटू लागले, दुसरा घातला आणि तोही तसाच गेला, तर तिसरा आणायला दुकानात जाण्याआधी थांबायला हवे. लागोपाठ दोन पट्टे एकाच तऱ्हेने जातात तेव्हा त्यांना झिजवणारे कारण पट्ट्याबाहेर असते. पुली वाकडी बसलेली असते, बेअरिंग खिळखिळे झालेले असते, ताण चुकलेला असतो, नाहीतर कुठून तरी तेल ठिबकत असते. शिरूर आणि दौंड या तालुक्यांना हे शिकवायला मोटार यावी लागली नाही. गेल्या शतकात पट्ट्यावर चालणारी कितीतरी यंत्रे इथे आली, राबली आणि त्यांतली काही गेलीही. त्या यंत्रांच्या इतिहासावरून मला एक गोष्ट मांडायची आहे. पट्टा उघड्यावर होता आणि त्याचा ताण माणसाच्या हातात होता, तोवर झिजेचे कारण शोधल्यावाचून काम पुढे सरकतच नव्हते. पट्टा बॉनेटखाली अवघड जागी गेला आणि त्याचा ताण स्प्रिंगकडे सोपवला गेला, तेव्हा कारण शोधायची रीत मागे पडली आणि नुसता पट्टा बदलायची रीत रुळली. इथे विषय आहे तो अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्याचा. इंजिनाच्या पोटातला टायमिंग बेल्ट वेगळा, त्याची कुळकथाही वेगळी.

सुरुवात विहिरीपासून करावी लागते. शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. घोड नदीवरचे चिंचणीचे धरण १९६०च्या दशकात झाले, त्याआधी इथली बागायत मुख्यतः विहिरीवरच होती. दौंडकडे मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकातच पोचू लागले, तरी कालव्यापासून लांबच्या शिवाराला विहिरीशिवाय गत्यंतर नव्हते. विहिरीवर मोट होती. मोटेचे चाक कण्यावर डुगडुगू लागले की नाडा चाकाच्या कडेला घासतो आणि एकाच बाजूने कुरतडला जातो. नवा नाडा आणला आणि कणा तसाच ठेवला तर नव्याचीही तीच गत होते. म्हणजे दोष कुठे आणि त्याची खूण कुठे, हा फरक इंजिन येण्याआधीच रोज डोळ्यांसमोर होता.

इंजिन आले ते याच महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तिथे १९२६ साली सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. साताऱ्याला कूपर यांचा कारखाना डिझेल इंजिने बनवू लागला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही स्वतंत्र कंपनी निघाली. संथ फेऱ्यांचे, जड चाकाचे ते ऑइल इंजिन बऱ्याच ठिकाणी पट्ट्यानेच पंपाला जोडत. त्याला कारण होते. पंप पाणी वर ओढतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर. हिशेबाने ही मर्यादा सुमारे दहा मीटर भरते, प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढे पंप कुरकुरतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप विहिरीत खालच्या टप्प्यावर न्यावा लागे. धूर आणि उष्णता सोडणारे इंजिन मात्र काठावर मोकळ्या हवेत असलेले बरे. मधले अंतर पट्टा भरून काढी. पंप हलला की दोन पुल्यांची ओळ बिघडे, आणि ओळ बिघडली की पट्टा एका कडेला सरकून उडे. सपाट पट्ट्याची पुली मधोमध किंचित फुगीर केलेली असते, म्हणजे पट्टा आपोआप मधोमध येऊन चालतो. पण या सोयीला मर्यादा आहे. एका पुलीचा दांडा दुसऱ्याशी समांतर नसेल तर फुगवटा पट्ट्याला धरून ठेवू शकत नाही.

त्यावरचा उपाय सगळ्या जगात एकच होता आणि तो आजही तितकाच खरा आहे. एक दोरी दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या कडांवरून ताणून धरायची. पुल्या सारख्या रुंदीच्या असतील तर ती प्रत्येक पुलीला दोन, अशा चार ठिकाणी टेकली पाहिजे. तीन ठिकाणी टेकून चौथीकडे फट दिसली तर पुली तिरकी आहे. एक पुली पूर्णच सुटी राहिली तर ती आत किंवा बाहेर बसली आहे. या दोरीला खर्च नाही, वीज लागत नाही, आणि ती तिरकेपणा व सरकलेपणा असे दोन वेगळे दोष वेगवेगळे दाखवते. विहिरीवरच्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ही परीक्षा टाळता येत नव्हती, कारण ओळ चुकली तर पट्टा महिन्याने झिजत नसे, लगेच उडत असे. चूक आणि तिचा परिणाम यांत इतके थोडे अंतर असले की कारण आपोआप लक्षात येते.

गुऱ्हाळावर हा मामला अधिक गंभीर होता. दौंड तालुक्यातले राहू बेट, केडगाव, यवत हा पट्टा उसाचा आणि गुळाचा. पाटसला भीमा आणि शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यावरही गुऱ्हाळे टिकली. चरकाला बैल फिरवत होते ते जाऊन इंजिन आले, मग विजेची मोटर आली, पण मोटर आणि चरक यांच्यामध्ये पट्टा राहिलाच. चरकावरचा भार एकसारखा नसतो. दोन-चार उसांवर लाटा सहज फिरतात, जाड मोळी एकदम सारली की चरक अडखळतो. अशा वेळी पट्टा क्षणभर घसरतो. हे घसरणे नुकसान वाटते, पण तेच संरक्षण आहे. पट्टा घसरला नाही तर तो धक्का चरकाच्या दात्यांवर जाईल आणि दाता मोडेल. म्हणून गुऱ्हाळावरच्या पट्ट्याचा ताण म्हणजे तडजोड असते. इतका सैल नको की नेहमीच्या मोळीला घसरेल, आणि इतका घट्टही नको की घसरायच्या वेळी घसरणारच नाही. हा ताण कागदावर लिहिता येत नाही, तो हाताने दाबून आणि कानाने ऐकून ठरतो. पट्टा तापला, त्याची आतली बाजू काचेसारखी चकाकू लागली, की तो प्रमाणाबाहेर घसरतो आहे हे कळते. मग राळ लावायची, की दोन पुल्यांतले अंतर वाढवायचे, की मोळी सारणाऱ्याला आवरायचे, हे ठरवावे लागते. राळ लावून तात्पुरती पकड येते, पण चिकट थरावर चिपाडाची धूळ बसते आणि पट्टा आणखी खराब होतो. राळेवर भागवणाऱ्याला हंगाम संपेपर्यंत राळच लावत बसावे लागे.

गुऱ्हाळाचे अर्थकारणही शोधाच्या बाजूने होते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर उतरते. काढलेला रस तर तासांत आंबतो आणि मग गूळ बसत नाही. चुलवाण पेटलेले, काहील तापलेली, गुळव्या आणि मजूर हातावर हात ठेवून बसलेले. अशा वेळी पट्टा तुटला तर नव्या पट्ट्याची किंमत हा तोट्याचा सर्वांत लहान भाग असतो. त्यामुळे तो पुन्हा तुटू नये यासाठी खर्च करायला मालक तयार असे. कारण शोधणाऱ्या माणसाच्या वेळेला तिथे मोल होते, हा मुद्दा पुढे लागणार आहे.

दौंडला पट्ट्याची आणखी एक शाळा होती, ती रेल्वेच्या डब्याखाली. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली आणि बारामतीची अरुंद गाडी १९१४ साली सुरू झाल्यावर दौंड हे पक्के जंक्शन झाले. डब्यातले दिवे पेटवायला चाकांच्या आसावरून पट्ट्याने डायनॅमो फिरवायचा, ही पद्धत लंडनच्या जे. स्टोन कंपनीने १८९०च्या दशकात रूढ केली आणि ती भारतातल्या डब्यांतही आली. तिच्यात एक फार सुंदर युक्ती होती. गाडीचा वेग वाढला की डायनॅमोने जास्त वीज देऊन दिवे जाळू नयेत म्हणून तो अशा बेताने टांगलेला असे की ठरावीक ओढीपुढे पट्टा घसरावा. घसरण हाच तिथला नियंत्रक होता. पुढे डब्यांना अल्टरनेटर आले आणि सपाट पट्ट्याच्या जागी व्ही पट्टे आले. साध्या डब्याच्या अल्टरनेटरला असे चार पट्टे शेजारी शेजारी चालतात. इथे एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. चारांतला एक गेला तरी चारही बदलायचे, आणि तेही मापाने जुळलेले. तीन जुने ताणलेले आणि एक नवा कोरा असा संच लावला तर सगळी ओढ नव्यावर पडते आणि तोच आधी मरतो. नवा असूनही लवकर गेला, म्हणजे माल खोटा, असा निष्कर्ष काढणे सोपे असते, पण त्याला मारणारे त्याचे शेजारी असतात.

व्ही पट्टा ही अमेरिकेतल्या जॉन गेट्स यांची १९१७ची देणगी मानतात. सपाट पट्टा पुलीला पोटाने धरतो, व्ही पट्टा खोबणीच्या दोन उतरत्या भिंतींत पाचरीसारखा रुतून कडांनी धरतो. त्यामुळे कमी ताणात जास्त ओढ मिळते आणि पुल्या जवळ आणता येतात. ॲम्बॅसडर, फियाट, जीप, नंतर टाटा ४०७, या सगळ्यांच्या पुढच्या अंगाला तो फॅनबेल्ट म्हणून बसला. पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो तोच फिरवी. ताण द्यायची पद्धत सोपी होती. डायनॅमोचा बोल्ट सैल करायचा, पहारीने त्याला बाहेर रेटायचे, बोल्ट आवळायचा आणि मधल्या मोकळ्या भागावर अंगठा दाबून अर्धा इंच दबतो का ते पाहायचे. पुणे-नगर रस्त्यावरच्या चालकाकडे डिकीत एक जादा फॅनबेल्ट असणे ही तेव्हा चैन नव्हती. पट्टा गेला की पाण्याचा पंप थांबे आणि पुढच्या दोन-चार किलोमीटरांत इंजिन तापे.

चुकीच्या निदानाची परंपराही याच पट्ट्यापासून सुरू झाली असे मला वाटते. फॅनबेल्ट ओरडू लागला की सर्वांत जवळचा उपाय तो आवळणे. आवळला की आवाज बंद होतो. पण प्रमाणाबाहेरचा ताण डायनॅमोच्या आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर जातो. बेअरिंग खिळखिळे होते, पुली किंचित कलते, खोबणीची एक भिंत पट्ट्याची एक कड खाऊ लागते. काही महिन्यांनी पट्टा तुटतो, नवा घातला जातो, तो कललेल्या पुलीवर ओरडतो, म्हणून पुन्हा आवळला जातो. या फेऱ्यात प्रत्येक टप्प्यावर उपाय बरोबर वाटतो, कारण आवाज खरोखरच थांबतो. शिवाय खोबणी झिजून रुंद झाली की पट्टा खोल बसतो आणि त्याचे बूड खोबणीच्या तळाला टेकते. मग पाचर उरत नाही, पकड जाते, आणि कितीही ताण दिला तरी घसरणे थांबत नाही. अशा पुलीवर दहा पट्टे घातले तरी दहाही जातील. झिजलेली खोबणी ओळखायला नवा पट्टा तिच्यात बसवून पाहणे पुरते. तो काठाच्या फार खाली गेला की पुली संपली.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नागमोडी पट्टा आला आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत तो आपल्याकडच्या गाड्यांतही रुळला. रुंद, पातळ, आतल्या बाजूला लांबीच्या दिशेने शिरा असलेला एकच पट्टा सगळ्या पुल्यांना वेटोळे घालतो. त्याला ताण देण्यासाठी स्प्रिंगचा टेन्शनर असतो, अंगठ्याचे काम संपले. शिरूर तालुक्याचा या टप्प्याशी थेट संबंध आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत २००७ सालच्या टाटा-फियाट संयुक्त कंपनीच्या कारखान्यात १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन बनू लागले. या इंजिनाच्या पोटात टायमिंगसाठी साखळी आहे. बाहेरची उपकरणे मात्र अशाच शिरांच्या पट्ट्यावर चालतात. ज्या तालुक्यात विहिरीवरचा सपाट पट्टा दोरीने ओळीत आणला जात होता, तिथेच आता दर फुटामागे एक सोळांश इंचाच्या आसपासची चूकही न खपवून घेणारी पट्ट्याची रचना जन्माला येऊ लागली.

रचना बदलली तरी झीज वाचायची लिपी फारशी बदललेली नाही. एका कडेची शीर फाटून दोरे लोंबत असतील तर कुठली तरी पुली ओळीत नाही. शिरांच्या माथ्यावर चकाकी आली असेल तर पट्टा घसरतो आहे. शिरा फुगून मऊ, लिबलिबीत झाल्या असतील तर वरून तेल किंवा कूलंट गळते आहे, आणि ती गळती बंद केल्याशिवाय नवा पट्टा घालणे म्हणजे पैसे पाण्यात. आवाजही सांगतो. मंद फेऱ्यांवर चिवचिव असा तुटक आवाज बहुधा वाकड्या पुलीचा. एसी लावताच किंवा इंजिनाला एकदम गती देताच येणारी लांब किंकाळी कमी पडलेल्या ताणाची. खात्री करायला चालू इंजिनाच्या पट्ट्यावर, हात दूर ठेवून, बाटलीने थोडे पाणी मारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर ओळ बिघडली आहे, आणि पाण्याने तो वाढला तर ताण कमी आहे. मग इंजिन बंद करून पट्टा उतरवावा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून, हलवून पाहावी. आयडलर, म्हणजे पट्ट्याला फक्त वळण देणारी मोकळी पुली, खरखरतो का, टेन्शनरचा हात आपल्या खिळीवर बाजूला झुकतो का, पाण्याच्या पंपाची पुली डुलते का. क्रँकच्या पुलीत आतला लोखंडी गाभा आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबर असते. ते सुटले की कडे जागेवरून सरकते आणि अख्खा पट्टा आत-बाहेर झोके घेतो. पुष्कळ डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारी यंत्रणा असते. ती अडकली की इंजिनाचा प्रत्येक हिसका थेट पट्ट्यावर येतो, टेन्शनर थरथरत राहतो आणि पट्टा व टेन्शनर दोघेही अकाली जातात. हे बाहेरून दिसत नाही, म्हणूनच अशा गाडीला पट्ट्यामागून पट्टे लागत राहतात.

यावर पहिला आक्षेप इथल्या धुळीचा. न्हावरे-चौफुला रस्त्यावर हंगामात उसाच्या गाड्या चालतात, पाचट उडते, उन्हाळ्यात इंजिनाजवळची हवा भट्टीसारखी होते. पट्टे टिकणार कसे? धूळ आणि उष्णता झीज वाढवतात हे मान्यच करायला हवे. पण धूळ सगळ्या शिरांवर सारखीच बसते. ती खोबणीत साचते, शिरा घासते, बारीक खड्डे पाडते, पण एकच कड निवडून खात नाही. शिवाय त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात धावणाऱ्या दोन सारख्या गाड्यांपैकी एकीचाच पट्टा पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष हवामानावर ढकलता येत नाही. दुसरा आक्षेप नकली मालाचा, आणि तो वजनदार आहे. बनावट पट्टे बाजारात आहेत, खोक्यावरून फसगत होते. तरीही खोट्या मालाची खूण वेगळी असते. तो सगळीकडून चिरतो, त्याचे थर सुटतात, तो लांबतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे पट्टे एकाच कडेला, एकाच शिरेवर झिजले तर दोन्ही कारखान्यांनी तीच चूक केली असे मानण्यापेक्षा पुली तपासणे शहाणपणाचे. म्हणून जुना पट्टा फेकू नये, आणि त्याची कोणती बाजू इंजिनाकडे होती याची खूण करून तो ठेवावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. आजचे पट्टे जुन्यांपेक्षा पुष्कळ टिकतात, मग गुऱ्हाळाच्या काळातली चौकसगिरी कशाला? पट्टे टिकतात हे खरे. निओप्रीनच्या जागी ईपीडीएम रबर आले आणि आयुष्य वाढले. मात्र निओप्रीनचा पट्टा म्हातारा झाला की त्याला चिरा पडत आणि त्या मोजता येत. नवे रबर चिरत नाही, टायरसारखे झिजते. वरून पट्टा धडधाकट दिसतो, पण शिरांमधल्या खाचा खोल आणि रुंद झालेल्या असतात आणि पुलीचे माथे त्यांच्या तळाला टेकू लागतात. तो घसरतो, तापतो, टेन्शनरला तापवतो. तो तपासायला खाचेत बसवून पाहायचे साधे प्लास्टिकचे माप मिळते. नजर पुरेनाशी झाली तिथे हे माप हवे, म्हणजे टिकाऊ पट्ट्याला उलट जास्त बारकाईने पाहावे लागते.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते रीत मागे पडायचे मुख्य कारण तिथेच आहे. १९६० साली वीज मंडळ स्थापन झाल्यावर पंपांना मोटरी आल्या. मोटर आणि पंप एकाच दांड्यावर आले, पुढे पाण्यातल्या मोटरी आल्या आणि विहिरीवरचा पट्टा गेला. तो कडबाकुट्टीवर, मळणी यंत्रावर, पिठाच्या गिरणीत आणि गुऱ्हाळावर उरला. तिथे यंत्राचा मालक यंत्राशेजारीच असतो आणि थांबलेल्या तासाचा तोटा त्याला समोर दिसतो. गाडीचा मालक गॅरेजमध्ये गाडी सोडून जातो, संध्याकाळी बिल पाहतो. बिलात पट्ट्याची किंमत छापील असते, तिच्यावर वाद होत नाही. पुल्या तपासायला लागलेला तास मात्र बिलात मांडला तर "काम काय केले?" असा प्रश्न येतो, कारण तपासून सगळे ठीक निघाले तर दाखवायला हातात काही नसते. मिस्त्रीला कारण शोधता येत नाही असे नाही. त्याच्या शोधाला भाव मिळत नाही. दोनदा पट्टा बदलून तिसऱ्यांदा आलेल्या गाडीच्या बाबतीत तरी तपासणीची मजुरी आधी ठरवून, पट्ट्याच्या किमतीपासून वेगळी लिहावी, आणि मालकाने ती बिनतक्रार द्यावी. आयडलरचे एक बेअरिंग वेळेवर बदलले तर त्याचा खर्च बहुधा पुढच्या दोन पट्ट्यांच्या किमतीहून कमीच निघतो.